सकारात्मक नेतृत्वाच्या वर्गात खर्चाचा प्रश्न

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर वर्गाला मी ‘सकारात्मक नेतृत्व आणि बहरणाऱ्या संस्था’ हा ऐच्छिक विषय शिकवते. नावातच गोडवा असल्यामुळे तो घेणाऱ्यांत दोन अपेक्षा हमखास दिसतात. वित्त आणि संख्याशास्त्राच्या मानाने इथे गुण सहज पडतील ही एक, आणि सत्राच्या शेवटी आपण अधिक आनंदी होऊन बाहेर पडू ही दुसरी. पहिली अपेक्षा पहिल्या अंतर्गत परीक्षेत संपते. दुसरी मोडायला जास्त वेळ लागतो, कारण समाजमाध्यमांवर आणि कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत या नावाखाली जे काही खपवले जाते, त्याचा मुलांवरचा पगडा मोठा आहे. या दोन्हींत न बसणारा एखादा विद्यार्थीही बहुतेक वेळा असतो. गोव्यातील वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक-दोन वर्षे पाळ्या करून तो शिकायला परत आलेला असतो आणि विचारतो, की मॅडम, हे सगळे मालकांना शिकवायचे सोडून तुम्ही आम्हाला का शिकवता? त्याला एका वाक्यात देण्याजोगे उत्तर माझ्याकडे नाही. पण आता सगळा अभ्यासक्रमच मी त्या प्रश्नाभोवती बांधला आहे. संस्थेत कुणीतरी चांगले वागते तेव्हा त्या चांगुलपणाचा खर्च कोण उचलतो, हे विचारल्याशिवाय हा विषय शिकवू नये, असे माझे मत झाले आहे.

विषयाची वंशावळ मी थोडक्यात उरकते. मार्टिन सेलिगमन हे १९९८ मध्ये अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनचे अध्यक्ष होते. मानसशास्त्राने विकारांचा अभ्यास पुष्कळ केला, पण माणसे चांगली जगतात कशी याचा पुरेसा केला नाही, ही त्यांची तक्रार होती. २००० साली त्यांनी आणि मिहाय चिक्सेंटमिहाय यांनी याच मुद्द्यावर ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’ या नियतकालिकात लेख लिहिला आणि ‘सकारात्मक मानसशास्त्र’ हे नाव रूढ झाले. संस्थांच्या अभ्यासात हाच विचार मिशिगन विद्यापीठातील किम कॅमेरॉन, जेन डटन आणि रॉबर्ट क्विन यांनी आणला. त्यांनी संपादित केलेला ग्रंथ २००३ साली निघाला आणि या शाखेची औपचारिक सुरुवात तिथून धरतात. त्याच्याही आधी, १९८७ मध्ये, केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील डेव्हिड कूपररायडर आणि सुरेश श्रीवास्तव यांनी संस्थेत काय बिघडले आहे यापेक्षा काय उत्तम चालले आहे याची चौकशी करण्याची पद्धत मांडली होती. एवढी नावे फळ्यावर लिहिली की इतिहास संपतो. परीक्षेत त्यावर मी प्रश्न विचारत नाही.

शिकवायला सुरुवात मात्र मी यांतल्या कुणापासूनही करत नाही. मी ॲमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांतील अभ्यासापासून करते. हार्वर्डमध्ये पीएचडी करत असताना रुग्णांना औषधे देताना होणाऱ्या चुकांवर त्यांनी काम केले. ज्या विभागात परिचारिकांची प्रमुख चांगली, आपसातले संबंध चांगले, तिथे चुका कमी सापडतील ही त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले. चांगल्या विभागांत चुकांची नोंद जास्त होती. वर्गात मी हे आकडे आधी ठेवते, खुलासा नंतर करते, आणि मधल्या वेळेत मुले जी कारणे सुचवतात ती फळ्यावर उतरवून घेते. मैत्री असली की शिस्त ढिली पडते, प्रमुख मऊ असला की लोक डोक्यावर बसतात, गप्पांत लक्ष जाते, अशी ती कारणे असतात. आपल्या समाजात नेतृत्वाविषयी जे काही मुरलेले आहे ते त्या दहा मिनिटांत फळ्यावर येते. एडमंडसन यांचा खुलासा वेगळा होता. चुका सगळीकडेच होत होत्या. चांगल्या विभागांत त्या बोलून दाखवण्याची भीती नव्हती, म्हणून त्या नोंदीत दिसत होत्या. हे निष्कर्ष १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतील ५१ गटांचा अभ्यास करून त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना नीट मांडली.

गोव्यात हा धडा शिकवण्याचा एक मोठा फायदा आहे, तो म्हणजे औषधनिर्मितीचा उद्योग. वर्गातल्या कुणी ना कुणी त्या कारखान्यांत काम केलेले असते आणि ‘डेव्हिएशन’ हा शब्द त्याला फोड करून सांगावा लागत नाही. ठरलेल्या प्रक्रियेपासून काहीही वेगळे घडले तर ते त्याच वेळी लिहायचे, कारण शोधायचे आणि ते पुन्हा घडू नये म्हणून उपाय नोंदवायचा, हा तिथला नियम असतो. एका विद्यार्थ्याने सांगितले की त्याच्या जुन्या ठिकाणी महिन्याच्या बैठकीत ज्या पाळीची डेव्हिएशन सर्वांत कमी, तिचे टाळ्या वाजवून कौतुक होत असे. परिणाम काय व्हायचा, तर दुसऱ्या पाळीने पहिलीचे पाहून लिहिणे कमी केले. टाळ्या वाजवणारा व्यवस्थापक वाईट माणूस होता असे त्याचे म्हणणे नव्हते. उलट तो सर्वांना नावाने हाक मारणारा, दिवाळीला स्वतः मिठाई वाटणारा होता. हसतमुख असणे आणि बोलण्याजोगी जागा निर्माण करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाने माझ्यापेक्षा चांगले समजावले.

त्यानंतरच्या आठवड्यांत एक अभ्यास असतो, जो परदेशी पुस्तकात सोपा दिसतो आणि आमच्याकडे अवघड जातो. २००५ मध्ये लॉरा मॉर्गन रॉबर्ट्स, डटन, ग्रेचेन स्प्रायट्झर, एमिली हीफी आणि क्विन यांनी त्यामागची मांडणी केली. आपल्याला ओळखणाऱ्या दहा-वीस माणसांना विचारायचे की मी तुम्हाला सर्वांत चांगला केव्हा वाटलो, तो प्रसंग सांगा. आणि आलेल्या प्रसंगांतून आपल्या बळाचे चित्र स्वतः तयार करायचे. आमच्या घरांत मुलांचे कौतुक तोंडावर करत नाहीत. दृष्ट लागेल ही एक भीती, आणि हवा डोक्यात जाईल ही त्याहून मोठी. त्यामुळे बापाला असे काही विचारायचे या कल्पनेनेच अर्धा वर्ग कासावीस होतो. मी संख्या कमी केली आहे, वडीलधाऱ्यांना प्रत्यक्ष विचारणे शक्य नसेल तर व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप मागवण्याची मुभा दिली आहे, आणि ज्यांना घरी विचारणे क्लेशाचे आहे त्यांनी मित्र किंवा सहकारी निवडावेत, कारण सांगू नये, असे स्पष्ट केले आहे. आलेले प्रसंग वर्गात वाचून दाखवायचे नसतात आणि त्यांना गुणही नसतात. गुण असतात ते त्यांतून काढलेल्या निष्कर्षाला.

डिचोली तालुक्यातील एका विद्यार्थिनीला तिच्या काकांचा कोकणीतून एक लांबलचक निरोप आला. खाणी बंद पडल्या आणि घरचा ट्रक अंगणात उभा राहिला, त्या काळात बँकेची हप्त्यांची पत्रे वाचून त्यांचा अर्थ घरातल्या मोठ्यांना सांगणारी, त्यांच्या वतीने उत्तरे लिहिणारी तीच होती, असे त्यांनी सांगितले होते. ती तेव्हा शाळेत होती. स्वतःच्या बळांची जी यादी तिने अभ्यासाच्या आधी करून दिली होती, तिच्यात सादरीकरण, इंग्रजी संभाषण आणि संगणक एवढेच होते. कठीण कागद घाबरलेल्या माणसांना समजेल असा करून सांगणे, हे कौशल्य म्हणून तिच्या ध्यानातच आले नव्हते. माझ्या मते या अभ्यासाचे सारे महत्त्व एवढ्यात आहे, आणि त्यासाठी त्याला ‘जीवन बदलणारा अनुभव’ म्हणून विकण्याची गरज नाही.

खाणींचा विषय मात्र तिथे थांबत नाही, आणि थांबू नये. गोव्यातील खाणकाम सप्टेंबर २०१२ मध्ये थांबवले गेले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून परवानगी दिली. आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द झाल्यामुळे मार्चच्या मध्यापासून ते पुन्हा बंद झाले. डिचोली, सत्तरी आणि सांगे येथील मुलांसाठी हा इतिहास पाठ्यपुस्तकातला नसतो. अशा वर्गात उभे राहून बहरणाऱ्या संस्थांविषयी बोलताना सावध राहावे लागते. आमच्या घरचा धंदा न्यायालयाच्या एका निकालाने बसला, त्यात सकारात्मक नेतृत्व काय करणार होते, असा प्रश्न येतो आणि तो रास्त असतो. त्याच बाकावर बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या गावात खाणी जोरात असताना शेतात खाणमाती उतरली होती आणि विहिरी आटल्या होत्या, म्हणून तो विचारतो की तेव्हा बहर होता तो नक्की कुणाचा? दोघांना एकमेकांशी बोलू देणे हे त्या दिवशीचे माझे मुख्य काम असते. मी मध्ये फारसे पडत नाही.

पुढच्या तासाला मी त्यांना एक शोधनिबंध वाचायला देते, जो या विषयातला मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेतील विमान कंपन्यांनी हजारो माणसे कमी केली. साउथवेस्ट एअरलाइन्सने कुणालाही काढले नाही. जोडी हॉफर गिटेल, कॅमेरॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा विमान कंपन्यांच्या नंतरच्या काही वर्षांचा अभ्यास करून २००६ मध्ये तो प्रसिद्ध केला. माणसे न काढणाऱ्या कंपन्या अधिक लवकर सावरल्या, हे त्यातले वाक्य सगळे उद्धृत करतात. त्याच निबंधातला दुसरा भाग कमी लोक वाचतात. माणसे राखणे ज्यांना परवडले त्यांच्यावर कर्ज कमी होते आणि हाताशी रोकड होती. नात्यांची शिल्लक टिकवायला पैशांची शिल्लक लागते, असा त्याचा अर्थ. चांगुलपणाला ताळेबंद असतो, हे एकदा मुलांच्या लक्षात आले की त्यांची चर्चा बदलते. मग ती नेत्याच्या स्वभावावरून उठून संकट येण्याआधीच्या वर्षांत घेतलेल्या निर्णयांकडे जाते. नफा वाटून टाकला की राखून ठेवला, ट्रकांची संख्या कर्जावर किती वाढवली, एकाच गिऱ्हाइकावर किती विसंबलो, असे प्रश्न ती मुले आपापल्या घराच्या संदर्भात विचारू लागतात. मला ते कोणत्याही प्रेरक सुविचारापेक्षा मोलाचे वाटते.

संशोधनावर अविश्वास दाखवायलाही याच विषयात शिकवावे लागते. नेतृत्वाच्या प्रशिक्षणात गेल्या पंधरा-वीस वर्षांत एक गुणोत्तर फार फिरले. बार्बरा फ्रेडरिकसन आणि मार्सियाल लोसाडा यांनी २००५ मध्ये असा दावा केला की सकारात्मक आणि नकारात्मक भावनांचे प्रमाण २.९०१३ ला एक या मर्यादेच्या वर गेले की माणूस बहरतो. त्याआधी लोसाडा आणि हीफी यांच्या एका निबंधात उत्तम काम करणाऱ्या व्यावसायिक गटांच्या संभाषणात सकारात्मक आणि नकारात्मक बोलण्याचे प्रमाण साधारण साडेपाचला एक असल्याचे म्हटले होते. दशांशचिन्हानंतर चार आकडे असलेली ही मर्यादा वर्षानुवर्षे व्याख्यानांत दाखवली गेली. निक ब्राउन नावाचे एक प्रौढ गृहस्थ नोकरी सांभाळून सकारात्मक मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी करत होते; त्यांना हे गणित पटेना. त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ ॲलन सोकल आणि मानसशास्त्रज्ञ हॅरिस फ्रीडमन यांच्यासह २०१३ मध्ये, तो दावा जिथे छापला गेला त्याच ‘अमेरिकन सायकॉलॉजिस्ट’मध्ये, दाखवून दिले की द्रवांच्या प्रवाहासाठी असलेली समीकरणे माणसांच्या संभाषणाला लावण्यास कसलाही आधार नव्हता. फ्रेडरिकसन यांनी त्यानंतर लेखातील गणिती भाग मागे घेतला, मात्र सकारात्मक भावनांचा उपयोग असतो हा मुद्दा त्यांनी सोडला नाही.

ही हकीकत मी तपशिलात सांगते, कारण तिच्यात एक विद्यार्थी आहे. आपल्याकडे पुस्तकात छापले ते खरे आणि परदेशी पुस्तकात छापले ते दुप्पट खरे, अशी सवय पक्की असते. एखाद्या विद्यार्थ्याने शंका काढली तर ती उद्धटपणा समजली जाते. म्हणून या प्रकरणानंतर मी मुलांना माझ्याच आवडत्या उदाहरणांवर सोडते. ॲडम ग्रँट यांचा २००७ चा प्रयोग मला फार आवडतो. विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्यांची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी थोडा वेळ भेट घालून दिली, आणि महिन्यानंतर त्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी व गोळा केलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली. मुले आता लगेच विचारतात की माणसे किती होती, वाढ किती काळ टिकली, आणि पगार वाढला का. शेवटचा प्रश्न निबंधाच्या कक्षेत नाही, पण मी तो खोडत नाही.

क्षेत्रीय कामासाठी दोन ठिकाणे मुले आपणहून निवडतात. किनाऱ्यावरची हॉटेले हे त्यांतले एक. ॲमी रेझनेस्की आणि डटन यांनी रुग्णालयातील सफाई कामगारांविषयी जे लिहिले आहे ते आधी वाचून मुले हाउसकीपिंगमधल्या बायकांशी बोलतात. त्या मूळ अभ्यासात काही कामगार आपल्या कामाकडे रुग्ण बरा होण्याचा भाग म्हणून पाहत होते आणि नेमून दिलेल्या कामापलीकडे बरेच काही करत होते. अशी कामाची स्वतःहून केलेली नवी घडण २००१ मध्ये सिद्धान्त म्हणून मांडली गेली. हॉटेलांतही मुलांना अशा बायका भेटतात. वृद्ध पाहुण्यांच्या खोलीत चटई सरकणार नाही अशी घालणारी, लहान मूल असेल तर धारदार कोपऱ्याची तिपाई बाजूला लावणारी. अहवालात हे प्रसंग फार सुंदर उतरतात. मग मी विचारते की पावसाळ्यात ही बाई कुठे असते? हंगाम संपला की कंत्राट संपते, ठेकेदार दुसरा येतो, आणि चटई कशी घालावी याचे तिचे ज्ञान तिच्याबरोबर दुसऱ्या हॉटेलात किंवा गावी जाते. स्टुअर्ट बंडरसन आणि जेफरी थॉम्पसन यांनी २००९ मध्ये प्राणिसंग्रहालयात प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांवर केलेला अभ्यास मी याच टप्प्यावर देते. ज्यांना आपले काम जीवितकार्य वाटत होते ते कमी पैसे आणि अधिक त्रास सोसायला तयार होते, आणि व्यवस्थापनाने या तयारीचा फायदा घ्यावा ही जोखीमही तिथेच होती. कामात अर्थ सापडणे ही दुधारी गोष्ट आहे, हे त्या निबंधातून कळते. माझ्या दृष्टीने हा निबंध वगळून सकारात्मक नेतृत्व शिकवणे म्हणजे औषधाची मात्रा सांगून दुष्परिणाम लपवणे होय.

दुसरे ठिकाण म्हणजे गावचे नाटक. गोव्यातल्या मराठी वाचकांना याचे स्पष्टीकरण नको. जत्रा असो, काला असो, देवळासमोर रंगमंच उभा राहतो आणि दिवसभर नोकरी करून आलेली माणसे रात्री तालमीला जमतात, कुणालाही एक पैसा मिळत नसताना. मिशिगनच्या त्या २००३ च्या ग्रंथात वेन बेकर, रॉब क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे एक प्रकरण आहे. माहिती कुणाकडून मिळते हे विचारण्याबरोबर, कुणाशी बोलल्यावर काम करण्याची उमेद वाढते हेही विचारून संस्थेचा नकाशा काढायचा, ही त्यांची पद्धत. फोंडा तालुक्यातील एका विद्यार्थ्याने आपल्या गावच्या नाटकमंडळीचा असा नकाशा काढला. मध्यभागी दिग्दर्शक येईल असे सर्वांना वाटले होते, तो कडेला गेला. सर्वाधिक बाण ज्या माणसाकडे वळले तो प्रॉम्प्टर होता, कारण ज्याचे वाक्य अडते त्याला कमी न लेखता वाक्य पुरवणे हेच त्याचे काम, आणि तो ते वर्षानुवर्षे करत आला होता. त्या विद्यार्थ्याने पुढे लिहिले होते की बायकांच्या भूमिका करायला आता मुली मिळतात, पण तालमीची वेळ अजून पुरुषांच्या सोयीची आहे, म्हणून नकाशावर मुली सुट्या राहिल्या. मला या निरीक्षणाचा अभिमान वाटला, आणि हा अहवाल मी नंतरच्या तुकड्यांना त्याच्या परवानगीने वाचायला देते.

गावाचे कौतुक करताना मी एक पथ्य पाळायला सांगते. खाडीकाठच्या खाजन शेतीचे बांध आणि मानशी, म्हणजे भरतीचे पाणी अडवणारी दारे, शतकानुशतके सामुदायिक व्यवस्थेने सांभाळल्या गेल्या, खारे पाणी शेतात शिरले तर सगळ्यांचीच पिके जातात म्हणून दुरुस्ती आधीच करायची असे गणित त्यामागे होते, हे बहरणाऱ्या संस्थेचे उत्तम उदाहरण आहे. पण गावकरी नावाच्या ज्या ग्रामसंस्थेने ते सांभाळले तिचे सदस्यत्व मूळ घराण्यांतील पुरुषांपुरते होते. उदाहरण द्यायचे तर हेही त्याच परिच्छेदात लिहायचे, तळटीपेत नाही.

पाळ्या करून आलेल्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारे उदाहरण मला लिज्जत पापडाचे वाटते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. आज हजारो बायका त्यात आहेत, त्यांना ‘बहिणी’ म्हणतात आणि त्या नोकर नसून मालक आहेत. नफा-तोटा त्यांचा. वर्गात मुले आधी या यशाचे श्रेय जिद्द, एकी, साधेपणा यांना देतात. मी त्यांना फक्त मालकीचा मुद्दा काढून टाकून तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते. तेच पापड, तेच प्रेमळ वातावरण, पण नफा दुसऱ्याचा. गोष्ट उभी राहत नाही. नेतृत्वाच्या पुस्तकांत मालकीचे प्रकरण जवळपास नसते, आणि मला वाटते की या शाखेचा सर्वांत मोठा अशक्तपणा तोच आहे. स्प्रायट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कामाच्या ठिकाणी बहरणे म्हणजे उत्साह आणि शिकत राहणे या दोन्ही गोष्टी एकत्र असणे, अशी व्याख्या केली. मी ती व्याख्या मानते. नुसता उत्साह असला आणि शिकणे थांबले असले तर माणूस टिकत नाही हे त्यातले म्हणणे बरोबर आहे. परंतु जे शिकले त्याचे फळ कुणाच्या वाट्याला, हा तिसरा प्रश्न तिला मी वर्गात जोडते.

हे सगळे शिकवणारी संस्था स्वतः कशी आहे, हा विषय टाळता येत नाही. गोव्यातल्या उच्च शिक्षणात लेक्चर बेसिसवर काम करणाऱ्या शिक्षकांची मोठी संख्या आहे. त्यांना घेतलेल्या तासांचे पैसे मिळतात. सुट्टीचे आणि पेपर तपासण्यापलीकडच्या कामाचे मिळत नाहीत, आणि पुढच्या वर्षाची खात्रीही मिळत नाही. यंदाच्या तुकडीतील एका गटाने विचारले की हॉटेल किंवा कारखाना न निवडता आम्ही आपल्याच परिसरातील शिक्षकांच्या मानसिक सुरक्षिततेचा अभ्यास करू का. मी विभागप्रमुखांना विचारले, त्यांनी होकार दिला आणि अहवाल स्वतः वाचण्याचेही कबूल केले. एडमंडसन यांची सात विधानांची प्रश्नावली मुलांनी नीट समजून घेतली, नावे न घेण्याची हमी लेखी दिली आणि मुलाखतींना सुरुवात केली.

कायम नोकरीतल्या बहुतेकांनी मोकळेपणाने वेळ दिला. लेक्चर बेसिसवरच्या अनेकांनी मुलांना चहा पाजला, विषयाचे कौतुक केले आणि सांगितले की जूनमध्ये नव्या नेमणुकीची पत्रे हातात पडू देत, मग बोलू. सत्र एप्रिलमध्ये संपते. मुले निराश होऊन माझ्याकडे आली, त्यांना वाटले की माहितीच मिळाली नाही. मी त्यांना एवढेच विचारले की किती जणांनी थांबायला सांगितले, आणि ते सगळे कोणत्या प्रकारच्या नेमणुकीवर आहेत. त्यांनी ते कोष्टक अहवालाच्या पहिल्या पानावर घातले, नावे आणि विषय वगळून. त्या पानाला मी पूर्ण गुण दिले. उरलेल्या अहवालाला देता आले नाहीत, कारण शिफारशींचा भाग त्यांनी घाईने उरकला होता आणि त्यात ‘शिक्षकांसाठी प्रेरणादायी कार्यशाळा आयोजित करावी’ हे वाक्य होते; ते मी लाल शाईने अधोरेखित करून, कार्यशाळेचा खर्च आणि एका शिक्षकाच्या सुट्टीच्या महिन्याचा पगार यांची तुलना करून आणायला सांगितले आहे.